सीमारेषा की समिती : निकी ब्रेनन आणि ब्रायन कोडी यांच्या दोन वाटा

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले गावच्या जीएए (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, आयर्लंडच्या पारंपरिक खेळांची संघटना) क्लबमध्ये हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ खेळू लागली, की दोन-तीन वर्षांत त्यांच्या पालकांपुढेही एक प्रश्न उभा राहतो. हिवाळ्याच्या तोंडावर क्लबची वार्षिक सभा भरते आणि कोणीतरी आपुलकीने विचारते, की पुढच्या हंगामात तुम्ही मुलांच्या संघाला शिकवायला मैदानावर येणार, की कार्यकारिणीत एखादे पद सांभाळणार? हे क्लब स्वयंसेवकांच्या बळावर चालतात, त्यामुळे हा प्रश्न शिष्टाचाराचा नसतो. विचारणाऱ्याला खरोखरच माणूस हवा असतो. बहुतेक जण आठवड्यातली कोणती संध्याकाळ मोकळी आहे एवढे पाहून उत्तर देतात. माझ्या मते त्याआधी किलकेनी या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दोन माणसांकडे नीट पाहावे. दोघे एकाच संघातून खेळले, दोघांनी त्याच काउंटीचे मॅनेजरपद सांभाळले, आणि पुढे निकी ब्रेनन जीएएच्या अध्यक्षपदापर्यंत गेले, तर ब्रायन कोडी मॅनेजर म्हणून सीमारेषेवरच चोवीस हंगाम उभे राहिले.

१९८२ च्या ऑल-आयर्लंड, म्हणजे देशपातळीवरच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात किलकेनीने कॉर्कला ३-१८ विरुद्ध १-१३ असे हरवले. हर्लिंगच्या धावफलकात पहिला आकडा गोलांचा आणि दुसरा सुट्या गुणांचा असतो, आणि एक गोल तीन गुणांचा धरतात. म्हणजे किलकेनीचे सत्तावीस गुण आणि कॉर्कचे सोळा. किलकेनीच्या ख्रिस्टी हेफर्ननने मिनिटभरातच लागोपाठ दोन गोल केले, म्हणून तो सामना आजही लोकांच्या आठवणीत आहे. किलकेनीच्या बचावफळीत गोलरक्षकाच्या पुढ्यात मधोमध उभा होता कर्णधार ब्रायन कोडी, आणि त्याच्या पुढच्या ओळीत कडेला होते निकी ब्रेनन. कोडी शहरातल्या जेम्स स्टीफन्स क्लबचे, तर ब्रेनन काउंटीच्या उत्तरेकडील कॉनही शॅमरॉक्सचे. वयात फार तर वर्षभराचे अंतर. शिकवण सारखी, मैदान सारखे, पदकही तेच. तरीही पुढे वाटा वेगळ्या झाल्या, आणि म्हणूनच ही तुलना उपयोगाची ठरते.

आधी सीमारेषेवर गेले ते ब्रेनन. १९९६ आणि १९९७ हे दोन हंगाम किलकेनीचा संघ त्यांच्या हाती होता. पहिल्या वर्षी लेन्स्टर या प्रांताच्या स्पर्धेत वेक्सफर्ड काउंटीने संघाला बाहेर काढले आणि तेच वेक्सफर्ड पुढे ऑल-आयर्लंड विजेते झाले. दुसऱ्या वर्षी लेन्स्टरच्या अंतिम सामन्यात पुन्हा वेक्सफर्डकडूनच पराभव झाला, परंतु प्रांतिक अंतिम सामना हरलेल्या संघाला आणखी एक संधी देणारा नियम त्याच वर्षी लागू झाला होता. त्या संधीतून मिळालेला गॅलवेविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना किलकेनीने ४-१५ विरुद्ध ३-१६ असा जिंकला, आणि त्यात एकट्या डी. जे. केरी यांनी २-८ मिळवले. उपांत्य फेरीत क्लेअरने त्यांना रोखले. हिशोब मांडायचा तर दोन हंगाम झाले आणि चषक एकही आला नाही. ज्या काउंटीत चषक न येणे म्हणजे वर्ष वाया जाणे समजतात, तिथे हा हिशोब कठोरपणेच मांडला जातो. मला मात्र ही दोन वर्षे वाया गेलेली वाटत नाहीत, कारण पुढे अध्यक्ष झाल्यावर काउंटीच्या संघाची तयारी, खेळाडूंची दमछाक आणि पराभवानंतरची शांतता या गोष्टी ब्रेनन यांना कोणाच्या अहवालातून समजून घ्याव्या लागल्या नाहीत.

मॅनेजरपदी कोडी यांची नेमणूक नोव्हेंबर १९९८ मध्ये झाली. पेशाने ते किलकेनीतील प्राथमिक शाळेत शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापकही झाले. काउंटीच्या मॅनेजरला जीएएच्या नियमाप्रमाणे पगार मिळत नाही, मिळतो तो फक्त खर्च, त्यामुळे दिवसा शाळा आणि संध्याकाळी काउंटीचे नोलन पार्क मैदान असाच त्यांचा क्रम राहिला. पहिल्याच वर्षी, १९९९ च्या अंतिम सामन्यात, कॉर्कने त्यांच्या संघाला ०-१३ विरुद्ध ०-१२ असे हरवले. अवघा एक गुण. पुढच्या वर्षी ऑफलीला ५-१५ विरुद्ध १-१४ असे नमवून पहिला चषक आला आणि २०१५ पर्यंत असे अकरा चषक आले, त्यांत २००६ ते २००९ ही सलग चार वर्षे. २००८ चा अंतिम सामना तर वॉटरफर्डविरुद्ध ३-३० विरुद्ध १-१३ असा संपला. तो सामना पाहिलेली माणसे आजही त्याच्याविषयी सामना म्हणून नव्हे, तर एखाद्या निसर्गघटनेसारखी बोलतात.

हे आकडे सगळे सांगतात, पण त्यांची किंमत फारसे कोणी सांगत नाही. खेळाडू म्हणून १९७८ च्या अंतिम सामन्यात कोडी यांना बचाव सोडून आक्रमणात खेळवले गेले. कॉर्कने तो सामना जिंकला आणि स्वतःच्याच काउंटीतल्या प्रेक्षकांचा रोष या तरुणाने सोसला. सीमारेषेवर उभ्या असणाऱ्या माणसाच्या वाट्याला असे प्रसंग दर हंगामात येतात, फरक इतकाच की तेव्हा निर्णयही त्याचाच असतो. २००३ मध्ये कर्णधार असलेले चार्ली कार्टर हंगामाच्या मधोमध संघ सोडून गेले, तरी त्याच वर्षी किलकेनीने चषक जिंकला. कोण बरोबर होते याचा निवाडा मला करायचा नाही. मुद्दा एवढाच, की मॅनेजरला अशा माणसाला वगळावे लागते ज्याच्या वडिलांशी त्याची रविवारी चर्चच्या दारात गाठ पडणार असते. जून महिन्यात बारा वर्षांखालील मुलांच्या संघातही हेच होते, फक्त आवाज कमी असतो.

त्या वयोगटाच्या खालच्या मुलांसाठी जीएएने वेगळी रचना केली आहे. लहान मैदान, कमी खेळाडू, प्रत्येक मुलाला खेळायला मिळालेच पाहिजे असा दंडक, आणि जिंकण्या-हरण्याला महत्त्व नाही. ज्याने आयुष्यात कधी हर्ली, म्हणजे या खेळाची काठी, हातात धरली नाही, अशा पालकासाठी सीमारेषेची खरी सुरुवात इथे होते. सरावाला लवकर पोहोचून शंकू मांडायचे. प्रत्येकाच्या शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली नीट बसला आहे ना, हे बोट घालून पाहायचे. कोणाच्या हर्लीच्या टोकावरचा पत्र्याचा पट्टा सैल झाला असेल तर ती बाजूला ठेवायची, कारण त्या पट्ट्याची उचललेली कडा दुसऱ्या मुलाची बोटे कापते. हर्ली ऍश वृक्षाच्या बुंध्याजवळच्या, मुळाकडे वळणाऱ्या भागातून कापतात, म्हणून लाकडाच्या रेषा काठीच्या वळणाबरोबर वळतात. त्या रेषा सरळच धावत असतील तर ती काठी पहिल्याच जोरदार धडकेत तुटते, हे मला एका वयस्कर प्रशिक्षकाने काठी उजेडाकडे तिरपी धरून दाखवले होते. असे ज्ञान सीमारेषेवर चार महिन्यांत मिळते. समितीच्या खोलीत ते दहा वर्षांतही मिळत नाही.

आता दुसरी वाट. ब्रेनन मॅनेजरपदावरून उतरल्यावर प्रशासनात वर चढत गेले, लेन्स्टर परिषदेचे अध्यक्ष झाले आणि एप्रिल २००६ ते एप्रिल २००९ या काळात जीएएचे अध्यक्ष राहिले. अध्यक्षपदाची मुदत तीन वर्षांची असते आणि निवड संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात प्रतिनिधींच्या मतांनी होते. ही तीन वर्षे सोपी नव्हती. क्रोक पार्कवर, म्हणजे जीएएच्या डब्लिनमधील मुख्य मैदानावर, रग्बी आणि फुटबॉल (सॉकर) हे बाहेरचे खेळ खेळू द्यावेत असा ठराव २००५ च्या अधिवेशनात, म्हणजे त्यांच्या आधीच्या अध्यक्षांच्या काळात, २२७ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला होता. तो प्रत्यक्षात उतरवण्याची वेळ आली ती ब्रेनन यांच्यावर. ११ फेब्रुवारी २००७ ला तिथे आयर्लंड आणि फ्रान्स यांचा रग्बी सामना झाला आणि २४ फेब्रुवारीला इंग्लंडचा संघ आला. ज्या मैदानावर २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश सशस्त्र दलांच्या गोळीबारात चौदा सामान्य माणसे मारली गेली, तिथे इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजले, प्रेक्षकांनी ते सन्मानाने ऐकले आणि आयर्लंडने सामना ४३-१३ असा जिंकला. त्या दिवसाची आठवण निघते तेव्हा लोक ते गीत, ते अश्रू आणि तो निकाल सांगतात. अध्यक्ष कोण होते हे सांगणारे थोडे.

समितीच्या कामाचे स्वरूप असे आहे. एकाच्या काळात ठराव होतो, दुसऱ्याच्या काळात तो अमलात येतो आणि त्याचे फळ तिसऱ्याच कोणाला तरी मिळते. हर्लिंग खेळणाऱ्या प्रत्येकाने चेहऱ्यावर जाळी असलेले शिरस्त्राण घातलेच पाहिजे, हा सर्व पातळ्यांवरचा नियम १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, म्हणजे ब्रेनन पायउतार झाल्यावर काही महिन्यांनी. आज आपली मुले ज्या जाळीमागून चेंडू पाहतात, ती अनेक सभांमधून पुढे सरकत आलेली आहे, आणि तिच्यावर कोणाही एकाचे नाव घालता येत नाही.

त्याच तीन वर्षांत खेळाडूंना सरकारी अनुदान देण्याचा वाद चिघळला. खेळाडूंच्या संघटनेने संपाची भाषा केली, तर हौशी खेळाचा कणा यातून मोडेल असे संघटनेतल्याच कित्येकांना वाटत होते. कॉर्कमध्ये लागोपाठ दोन हिवाळे खेळाडू काउंटी मंडळाविरुद्ध उभे राहिले. पहिला तंटा फेब्रुवारी २००८ मध्ये कियरन मल्व्ही यांच्या लवादाने मिटला. दुसऱ्यात मॅनेजर जेराल्ड मॅकार्थी यांना मार्च २००९ मध्ये पद सोडावे लागले. स्वतः पाच ऑल-आयर्लंड पदके मिळवलेल्या खेळाडूवर ही वेळ आली. सीमारेषेवरचा माणूस निकालाने जातो असे आपण धरून चालतो, पण तो कधीकधी समितीतल्या भांडणानेही जातो. सीमारेषा निवडणाऱ्याने म्हणूनच समितीकडे पाठ फिरवू नये.

आता या तुलनेतले मला सर्वांत बोलके वाटणारे दृश्य सांगतो. ऑल-आयर्लंडचा लिअम मॅकार्थी चषक विजेत्या कर्णधाराच्या हाती देण्याचा मान जीएएच्या अध्यक्षाचा असतो. ब्रेनन यांच्या मुदतीत असे तीन सप्टेंबर आले आणि तिन्ही वेळा विजेता संघ किलकेनीचाच होता. २००६ मध्ये जॅकी टिरेल, २००७ मध्ये हेन्री शेफलिन आणि २००८ मध्ये जेम्स फिट्झपॅट्रिक यांनी क्रोक पार्कमधल्या होगन स्टँड या प्रेक्षागृहाच्या पायऱ्या चढून आपल्याच काउंटीच्या या माजी बचावपटूकडून चषक घेतला. १९८२ चा कर्णधार आणि त्याच्या पुढच्या ओळीतला खेळाडू पुन्हा एकाच मैदानावर होते. एकाचा संघ जिंकत होता, आणि दुसऱ्याला मात्र त्या तीन वर्षांत कोणत्याही काउंटीच्या बाजूने बोलता येत नव्हते. चषक देताना ब्रेनन यांच्या मनात काय चालले असेल, हे मी सांगू शकत नाही. पण जिथे आनंद आवरून धरणे हाच कामाचा भाग आहे, ती जागा आपल्याला मानवेल का, हे समितीत जाऊ पाहणाऱ्याने स्वतःला विचारायलाच हवे.

सीमारेषेची परीक्षा याच्या नेमकी उलट आहे. तिथे उत्तर त्याच रविवारी मिळते आणि ते सगळ्या गावासमोर मिळते. २०१० च्या अंतिम सामन्यात टिपरेरीने ४-१७ विरुद्ध १-१८ असा विजय मिळवून किलकेनीचा सलग पाचवा चषक हिरावून घेतला, तेव्हा कोडी यांना दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येत नव्हते. पुढच्या वर्षी ते त्याच टिपरेरीला हरवून परत आले. २०२२ चा अंतिम सामना लिमरिकने १-३१ विरुद्ध २-२६ असा जिंकला आणि त्याच आठवड्यात कोडी यांनी पद सोडले. टिपरेरीचे लिअम शीडी यांनी २०१० चा चषक जिंकल्यावर मॅनेजरपद सोडले, मधली वर्षे बाहेर राहिले आणि परत येऊन २०१९ चा चषक मिळवला. म्हणजे सीमारेषेवरून विश्रांती घेता येते. समितीतले पद एकदा गेले, की ते सहसा मागे वळून येत नाही.

माझे मत मी स्पष्टपणे मांडतो. ज्याला मुलांची नावे पटकन लक्षात राहतात, ज्याला पावसात तासभर उभे राहण्याचा कंटाळा येत नाही आणि पराभवानंतर रडणाऱ्या मुलापाशी गुडघ्यावर बसता येते, त्याने सीमारेषा निवडावी. खेळ येत नसेल तरी हरकत नाही, मुख्य प्रशिक्षकाला मदतनीस लागतातच. ज्याला हिशेब, पत्रव्यवहार, मैदानाचे वेळापत्रक आणि क्लबची साप्ताहिक लोटो सोडत यांत गोडी आहे आणि आपले नाव न निघता काम झाले तरी ज्याची झोप उडत नाही, त्याने समितीत जावे. परदेशातून आलेल्या पालकाला समितीचा आणखी एक फायदा होतो. गावातली माणसे, जुने रुसवे आणि कोणाचा शब्द चालतो, हे तिथे लवकर कळते.

दोन्हींकडे सारखाच ओढा असेल, तर ब्रेनन यांचा क्रम धरावा असे मी म्हणेन. आधी दोन हंगाम मैदानावर काढावेत, मग खोलीत बसावे. जो माणूस स्वतः चिखलात उभा राहिलेला नाही, त्याने सरावाची वेळ कागदावर ठरवली की ती चुकतेच, आणि हे मी आमच्या गावच्या क्लबमध्ये एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. उलट क्रमाने जाणारे मला थोडेच भेटले, आणि त्यांतले बहुतेक खोलीतच राहिले.

मुलांबरोबर काम करणार असाल तर पोलीस पडताळणी आणि बालसुरक्षेचा अभ्यासक्रम ही दोन्ही सक्तीची आहेत, आणि पडताळणीला वेळ लागतो. त्यामुळे वार्षिक सभेत हात वर करण्याआधीच क्लबच्या बालकल्याण अधिकाऱ्याकडून अर्ज घेऊन भरून ठेवावा, म्हणजे फेब्रुवारीत पहिला सराव असेल तेव्हा तुम्ही कुंपणाबाहेर उभे नसाल.