लूपस्ट्रक्चरल: आठ महिने वापरल्यावर

बेलापूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात बोगद्यांच्या आणि डोंगरउतारांच्या तपासणीची कामं येतात. बोअरहोलचे लॉग (किती खोलीवर कोणता खडक, याच्या नोंदी) एक्सेलमध्ये, छेद (जमिनीचे उभे काप) ऑटोकॅडमध्ये, आणि फॉल्ट, म्हणजे खडक तुटून सरकला ती भेग, ही छेदावर ओढलेली तिरकी लाल रेघ. गेल्या पावसाळ्यात साइट बंद होती तेव्हा लूपस्ट्रक्चरल उतरवून घेतलं. जमिनीखालच्या खडकांचं त्रिमितीय मॉडेल बनवणारी पायथॉनची लायब्ररी आहे, फुकट. बटणंबिटणं नाहीत, कोड लिहावा लागतो. पहिले तीन आठवडे नुसते रकान्यांची नावं जुळवण्यात गेले.

आवडलं ते हे, की इथे फॉल्ट आधी आणि थर नंतर. फॉल्टचं पृष्ठ कुठे आहे, खडक कुठल्या दिशेला आणि किती सरकला, हे तुम्ही सांगायचं. त्या मापाने लूपस्ट्रक्चरल सरकलेले बिंदू मूळ जागी परत नेतं, अखंड थर बसवतं आणि मग फॉल्ट लावतं. सरकणं मधोमध सगळ्यात जास्त, टोकांकडे कमी होत शून्य. एकमेकांना छेदणारे फॉल्ट असतील तर जुना कोणता, नवा कोणता हेही ठरवावं लागतं. लाल रेघेला असलं काही कोणी विचारत नाही!

आपल्याकडची खरी डोकेदुखी म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. एक लाव्हा प्रवाह दुसऱ्यासारखाच दिसतो. कोअर बॉक्समध्ये, म्हणजे बोअरहोलमधून काढलेल्या खडकाच्या पेटीत, ओळखीची खूण काय ती दोन प्रवाहांमधल्या बोलची, तांबड्या मातकट थराची. पनवेलजवळच्या एका कामात पूर्व-पश्चिम 100 मीटर अंतरावरच्या दोन बोअरहोलमध्ये बोल 14 मीटर खालीवर होता. जुन्या छेदात तिथे फॉल्ट होताच, मी 14 मीटर सरक भरली. तिसऱ्या बोअरहोलमध्ये बोल काही केल्या मॉडेलच्या खोलीवर येईना. दोन दिवस कोडला शिव्या घातल्या. मग उघड्या खडकावर घेतलेले डिपचे (थरांच्या उताराच्या कोनाचे) आकडे भरले: पश्चिमेला 8 अंश. पनवेल फ्लेक्शरच्या, म्हणजे थर वाकलेल्या, पट्ट्यात प्रवाह पश्चिमेला कललेले असतात, हे कॉलेजात पाठ केलेलं. 100 मीटरला 8 अंश म्हणजे 14 मीटर. फॉल्ट काढून टाकला, तिन्ही बोल जुळले.

तक्रारी आहेत. जाळी बारीक केली की माझा 8 जीबीचा लॅपटॉप गोठतो. उदाहरणं बरी आहेत, पण एरर मेसेज वाचून चूक सापडेल तर शपथ. डाइकसाठी (थरांना छेदून घुसलेल्या खडकाच्या उभ्या भिंतींसाठी) मी अजून जुन्या छेदांवरच आहे.