ओओ गेजच्या वाफेच्या इंजिनांसाठी एच्ड नंबरप्लेट: काय मागवावं, कशी बसवावी

हॉर्नबी किंवा बाखमन या कंपन्यांचं आजचं ओओ (साधारण १:७६ प्रमाणाचं) मॉडेल इंजिन रंगात, चाकांत, रॉडमध्ये कुठेच कमी पडत नाही. कमी पडतं ते नंबरात. खऱ्या ब्रिटिश इंजिनावर जिथे ओतीव पाटी होती, तिथे मॉडेलवर बहुतेक वेळा नुसती छपाई असते. उजेड बाजूने पडला की ही उणीव लगेच डोळ्यांत भरते. त्यावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा उपाय म्हणजे एच्ड प्लेट. साधारण पाव मिलिमीटर जाडीचा पितळेचा किंवा निकेल सिल्व्हर या चंदेरी मिश्रधातूचा पत्रा घेतात आणि पार्श्वभूमी रसायनाने अर्धी खाऊन काढतात. आकडे आणि कडा खरोखर उठून राहतात. ही वस्तू घ्यावीच, पण डोळे झाकून घेऊ नये.

आधी आपल्या इंजिनाला कुठली पाटी लागते ते ठरवा. १ जानेवारी १९४८ ला जुन्या खासगी रेल्वे कंपन्या एकत्र होऊन सरकारी ब्रिटिश रेल्वे सुरू झाली. त्यानंतर या कंपन्यांपैकी एलएमएसच्या इंजिनांच्या नंबरात ४०,०००, एलएनईआरच्या नंबरात ६०,००० आणि सदर्नच्या नंबरात ३०,००० मिळवले गेले. कॅबवरचा (चालकाच्या केबिनवरचा) नंबर रंगवलेला असे आणि स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या धूरपेटीच्या) दारावर काळ्यावर पांढऱ्या आकड्यांची ओतीव लोखंडी पाटी असे. ग्रेट वेस्टर्नचे जुने नंबर मात्र तसेच राहिले, कारण त्यांच्या कॅबच्या दोन्ही बाजूंना नंबराच्या ओतीव पाट्या आधीपासून होत्या आणि त्या बदलणं खर्चाचं काम होतं. म्हणून कॅसल, किंग, हॉल या वर्गांना दोन कॅबप्लेट लागतात. स्मोकबॉक्सची पाटी त्यांना १९४८ नंतरच्या रूपातच लावायची. त्याआधी ग्रेट वेस्टर्नचा समोरचा नंबर बफर बीमवर (बफर बसवलेल्या पुढच्या आडव्या पट्टीवर) रंगवलेला असे. १९३० च्या दशकातल्या हिरव्या कॅसलच्या दारावर पाटी चिकटवलेली दिसते तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण एवढी मेहनत एका चुकीच्या ठिकाणी गेलेली असते. उलट टोकाला १९६७-६८ ची मळकी इंजिनं आहेत. त्यांतल्या अनेकांच्या पाट्या काढून नेलेल्या होत्या आणि दारावर हाताने नंबर रंगवलेला होता. तिथे पाटी घेऊच नका.

नंबर बदलला की इंजिनही बदलतं, हे लक्षात असू द्या. ४०८२ विंडसर कॅसलचं उदाहरण घ्या. १९५२ च्या फेब्रुवारीत सहाव्या जॉर्ज राजाच्या अंत्ययात्रेच्या गाडीसाठी हेच इंजिन हवं होतं, पण ते स्विंडनच्या कारखान्यात दुरुस्तीला होतं. मग ७०१३ ब्रिस्टल कॅसलला त्याच्या पाट्या चढवल्या आणि नंतर त्या कधीच परत बदलल्या नाहीत. म्हणजे १९५२ नंतरचं ‘४०८२’ हे प्रत्यक्षात १९४८ मध्ये बांधलेलं इंजिन आहे. १९२४ च्या मूळ तपशिलांच्या मॉडेलवर ती पाटी लावली तर जाणकाराला विसंगती दिसणारच. मागणी नोंदवण्याआधी त्या इंजिनाचा त्या वर्षीचा फोटो शोधा.

मिळतात कुठे? फॉक्स ट्रान्सफर्स आणि मॉडेलमास्टर ही ब्रिटनमधली ओळखीची नावं. हव्या त्या मजकुराची पाटी करून देण्यासाठी, विशेषतः नॅरो गेजसाठी, नॅरो प्लॅनेट. नेरळ-माथेरानच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल इंजिनाचं ९ मिलिमीटर रुळांवरचं मॉडेल करणाऱ्याला ७३८ ते ७४१ हे आकडे असेच करून घेणं सोयीचं. भारतात मागवताना दोन गोष्टी पाळा. चार-पाच इंजिनांच्या पाट्या एकदम मागवा, म्हणजे टपालखर्च वाटला जातो. पाकिटात जाड पुठ्ठा घालायलाही सांगा, कारण वाकलेला पातळ पत्रा पुन्हा तंतोतंत सपाट होत नाही.

रंगवलेली घ्यावी की कोरी? स्मोकबॉक्सची पाटी रंगवलेलीच घ्या. ओओमध्ये ती जेमतेम आठ मिलिमीटर लांब असते. त्यात काळा तळ ठेवून फक्त आकड्यांच्या माथ्यावर पांढरा रंग आणणं किचकट आहे. कोरी घेतलीच तर आधी सगळी पांढरी करा, मग पातळ काळा रंग बारीक ब्रशने खोलगट भागात सोडा. तो आपोआप पसरतो. ग्रेट वेस्टर्नची कॅबप्लेट मात्र कोरी घ्यायला हरकत नाही. स्पिरिटने पुसा, एच प्रायमर (धातूला घट्ट धरणारा अस्तर रंग) मारा, काळा फवारा आणि पूर्ण वाळू द्या. मग १२०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. आकडे आणि कड पितळी चमकून वर येतात. बोटाने घासू नका. बोट खोलगट भागात दबतं आणि तळाचा रंगही उडतो.

जुनी छपाई काढणं हा सगळ्यात धोक्याचा टप्पा. टी-कटसारखं (गाडीचा रंग घासायचं) पॉलिश इअरबडवर घ्या, नंबरावर मिनिटभर ठेवा आणि लाकडी दातकोरणीच्या बोथट टोकाने फक्त आकड्यांवर घासा. एकदम सगळं निघायला हवं असा हट्ट धरला की खालचा हिरवा रंगही निघतो. जागा चकचकीत होईल, ती नंतर वार्निशने बसते. बऱ्याच मॉडेलवर छपाईखाली उंचवटाही असतो. त्यावरच पाटी चिकटवली तर ती फळीसारखी पुढे येते. छिन्नीच्या आकाराचं स्काल्पेल पातं सपाट धरून तो उंचवटा उतरवा. कॅबवर नवी पाटी जुन्या छापील चौकटीपेक्षा किंचित लहान निघाली तर पिवळी रेघ बाहेर डोकावते. ती कडा आधी कॅबच्या रंगाने झाका.

पाटी पत्र्याच्या ज्या चौकटीत जोडलेली येते तिच्यातून कापताना खाली काच किंवा जुनी टाइल ठेवा. कटिंग मॅट दबते आणि पत्रा वाकतो. पात्याने वरून दाब द्या, ओढू नका. उरलेला टॅब (चौकटीशी जोडणारा तुकडा) बारीक कानशीने घासा आणि उघडी पडलेली कड काळी करा. हे टाळलं की कडेला पितळाचा ठिपका चमकत राहतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

चिकटवायला सुपरग्लू नको. त्याच्या वाफेने गडद रंगावर पांढरट झाक येते, आणि पाटी सरळ करायला वेळही मिळत नाही. ग्लॉस वार्निश किंवा पारदर्शक ग्लेझिंग ग्लू उत्तम. काही मिनिटं पाटी सरकवता येते आणि पुढेमागे नंबर बदलायचा झाला तर रंग न उखडता निघते. मास्किंग टेपची पट्टी खालच्या रेषेवर लावून तिचा कट्टा करा. पाटी ब्लूटॅकच्या (चिकट पुट्टीच्या) कणाने दातकोरणीवर उचला आणि कट्ट्यावर टेकवा. दार फुगीर असल्याने पाटी मधोमधच टेकते. तिथला एक थेंब पुरतो, टोकं दाबू नका. लगेच समोरून मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. डोळ्यांना न दिसणारा कल तिथे कळतो. बिजागऱ्यांच्या पट्ट्यांपासून पाटी किती वर हे वर्गागणिक बदलतं, ते फोटोवरूनच घ्या.

राहिली दाराच्या खालच्या भागातली अंडाकृती शेडप्लेट, म्हणजे इंजिन कुठल्या शेडचं ते कोडने सांगणारी पाटी, जेमतेम अडीच मिलिमीटरची. ती सुटली तर गालिच्यात सापडत नाही, म्हणून उघड्या ताटलीतच कापा. कोडकडे नीट लक्ष द्या. कार्नफोर्थचं शेड १९५८ पर्यंत ११ए, १९६३ पर्यंत २४एल आणि नंतर १०ए होतं. एक कोड तुमच्या मॉडेलचा काळ पक्का करतो. मॅट वार्निश आणि वेदरिंग (मळकेपणा रंगवणं) हे सगळं पाट्यांच्या आधी उरकून घ्या. पितळावर मॅटचा थर बसला की ज्या झळाळीसाठी पैसे मोजले तीच जाते.