आयल्ट्स स्पीकिंग: पाठ केलेली वाक्यं की रोजचं व्याकरण?

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतला बोलण्याचा भाग 11 ते 14 मिनिटांचा, निकष चार, प्रत्येकाचं वजन सारखं. व्याकरण त्यातला एकच, आणि त्यात रचनांची व्याप्ती आणि अचूकता दोन्ही पाहतात.

व्याप्ती: ‘हॅड आय नोन’ हे पाठ केलेलं वाक्य भारदस्त खरं, पण सकाळच्या दिनक्रमाच्या प्रश्नाला ते चिकटवलं की उपरं दिसतं. ‘इफ आय गेट अप लेट, आय स्किप ब्रेकफस्ट’ हेही मिश्र वाक्यच आहे, आणि तेही मोजलं जातं.

अचूकता: पाठांतर मध्येच तुटलं की ‘इफ आय वुड हॅव’ असलं काहीतरी चुकीचं बाहेर पडतं. वर आठवण्यासाठी थांबलात की ओघ या वेगळ्या निकषाचेही गुण जातात. दुसऱ्या भागात, मिनिटभराच्या तयारीवर एक ते दोन मिनिटं बोलताना, हा धोका सर्वाधिक. रोजच्या व्याकरणाची खोड वेगळी: गोष्ट भूतकाळातल्या ‘वेंट’ने सुरू होते आणि तिसऱ्या वाक्यात वर्तमानकाळातलं ‘ही गोज’ येतं. स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून फक्त क्रियापदं ऐका, लगेच सापडतं.

बोलताना अडखळणाऱ्यांनी रोजचं व्याकरणच धरावं. अस्खलित बोलणारे, पण सगळं ‘अँड’ने जोडणारे, यांनी ‘ऑल्दो’, ‘विच’, ‘इफ’ या तीन रचना दहा विषयांवर घोळवाव्यात. तयार वाक्यं फार तर ‘लेट मी थिंक’पुरती.