कुआला सेलांगोर: आकाशाचा आरसा आणि काजवे, एका दिवसात

मलेशियात क्वालालंपूरहून साधारण सव्वा तासाच्या अंतरावरची कुआला सेलांगोरची ही सहल फोटोसाठी करायची असेल, तर तारीख अमावास्येच्या आसपासचीच घ्या. ‘स्काय मिरर’ हा समुद्रातला वाळूचा पट्टा अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीतच उघडा पडतो. पण पौर्णिमेच्या चांदण्यात रात्रीचे काजवे फिके दिसतात. बोटीची वेळ ओहोटीप्रमाणे रोज बदलते, म्हणून बुकिंग करतानाच विचारून घ्या.

पट्ट्यावर पाणी घोट्याइतकं असतं. वाइड लेन्स पाण्यापासून चार बोटांवर धरा आणि पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) काढून ठेवा, नाहीतर प्रतिबिंबच पुसलं जातं. पांढऱ्या आकाशामुळे कॅमेरा फोटो काळपट काढतो. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) पाऊण-एक स्टॉप, म्हणजे जवळपास दुप्पट, वाढवा. पाणी हललं की आरसा मोडतो, त्यामुळे माणसं उभी करून लाटा विरेपर्यंत थांबा. बोटवाले मोबाइलवर गमतीचे फोटो उत्साहाने काढून देतात, मात्र क्षितिज तिरकं येतं. परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा.

दुपारी बुकित मलावती टेकडीवर रुपेरी लंगूर माकडं पाहा. त्यांची पिल्लं चक्क केशरी असतात! पिशव्यांची चेन मात्र बंद ठेवा.

रात्री काजवे पाहायला कांपुंग क्वांतान गावची वल्हवायची होडी इंजिनाच्या बोटीपेक्षा कितीतरी सरस: आवाज नाही, धूर नाही. फ्लॅश मारू नका. हलत्या होडीत ट्रायपॉड निरुपयोगी. एफ १.८ची (जास्त उजेड घेणारी) लेन्स, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ६४००, एक सेकंदापर्यंतचं एक्स्पोजर आणि हाताने केलेला फोकस वापरा, तरीही बरेच फोटो हलतात. पाऊस आला तर फेरी रद्द होते.