क्लास असलेला खेळ आणि क्लास नसलेला खेळ : आठ महिन्यांनंतर

इंदूरला राजेंद्रनगरातल्या घरी गेले आठ महिने मी ‘बाल्डर्स गेट ३’ आणि ‘स्कायरिम’ हे दोन व्हिडिओ गेम आलटून पालटून खेळतो आहे. २०२३ साली आलेल्या पहिल्या खेळात बारा क्लासपैकी, म्हणजे पात्राच्या ठरावीक पेशांपैकी, एक निवडल्याखेरीज सुरुवातच करता येत नाही. २०११ सालच्या दुसऱ्यात क्लास नाहीतच. अठरा कौशल्ये आहेत आणि जे वापरावे ते वाढत जाते.

मोकळीक आवडणारा माणूस असल्याने मला दुसरी पद्धत मानवेल असे वाटले होते. प्रत्यक्षात मी तीन पात्रे सुरू केली, एक जादूगार, एक गदाधारी आणि एक ढाल-तलवारवाला, आणि तिघेही महिन्याभरात अंधारात दबा धरून बाण सोडू लागले. लपून मारलेल्या बाणाचा घाव दुप्पट आणि पर्क (कौशल्यातली निवडून घ्यायची जादा खुबी) घेतल्यावर तिप्पट बसत असेल, तर समोरून भिडण्याचे कारणच उरत नाही. दिवाळीला आलेल्या भाच्याने तिसरे पात्र पाहून विचारले, “मामा, हा परवाचाच ना?” तो नवा होता.

दुसरी अडचण लोहारकामाची. कोणतेही कौशल्य वाढले की पात्राची लेव्हल, म्हणजे एकूण पातळी, वाढते, त्यामुळे मी एका रविवारी नुसते खंजीर घडवत बसलो आणि बाहेर पडलो तेव्हा वाटमारेही त्या प्रमाणात बळकट झाले होते. तलवारीचा हात मात्र होता तिथेच होता.

‘बाल्डर्स गेट ३’मधल्या क्लासच्या चौकटीत चूक वेगळ्या तऱ्हेने महाग पडते. मी फायटर या लढवय्याच्या क्लासच्या तीन लेव्हल घेऊन पुढच्या तीन ‘रोग’ या चोरट्या क्लासला दिल्या. फीट (निवडून घ्यायची खास क्षमता) त्या त्या क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळते आणि फायटरचा दर पाळीतला जादा वार पाचव्या लेव्हलला, म्हणून एकूण सहाव्या लेव्हलला माझ्या हाती दोन्ही नव्हते, आणि बरोबरीचे साथीदार पाळीगणिक दोन वार करत होते. विदर्स या खेळातल्या पात्राला शंभर सोन्याची नाणी देऊन सगळे नव्याने मांडता आले. भाच्याच्या मते ही सोय म्हणजे लबाडी आहे. मला ती न्याय्य वाटते, कारण खेळ ठाऊक नसताना पहिल्याच पडद्यावर बारा नावांतून नेमके निवडणे कुणाला जमणार? शिवाय क्लास ठरलेला असल्याने माझ्या टोळीतल्या चौघांचे काम वेगळे राहते, आणि तिथे माझी सवय मला एकाच वाटेने ओढू शकत नाही.

‘स्कायरिम’ मी सोडलेला नाही. चौथ्या पात्राला धनुष्याची बंदी घातली असून ते धनुष्य व्हाइटरन या खेळातल्या शहरातल्या घरातल्या पेटीत ठेवले आहे. परवा एक ड्रॅगन बराच वेळ डोक्यावर घिरट्या घालत राहिला, खाली उतरायचे नावच घेईना, तेव्हा त्या पेटीची फार आठवण झाली.