मखमल आणि काचकागद यांतला फरक ओळखून मी काय करू?

पाचपैकी अडीच तारे. त्यातला एक निव्वळ पिशवीसाठी.

कंपनीचं नाव लिहीत नाही. बोटांना स्पर्श ओळखायचा सराव देणारे असे चार-पाच संच ऑनलाइन मिळतात, खोकी वेगवेगळी आणि आतला माल बराचसा सारखाच. ‘स्ट्रोकनंतर हाताची संवेदना परत आणा’ असं वर छापलेलं असतं. आमचा मुलगा पुण्याला असतो, त्याने मार्चमध्ये ३,४९९ रुपयांना मागवून दिला. आता चौथा महिना चालू आहे, त्यामुळे लिहायचा अधिकार मला आहे असं समजते.

मी मिरजेत ३१ वर्षं ब्लाउज शिवते. मागच्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी, ऐन सीझनमध्ये, २४ ब्लाउज कापून ठेवलेले असताना मला झटका आला. डावी बाजू गेली. ताकद दिवाळीपर्यंत बरीचशी परत आली. मूठ वळायला लागली, कपही धरता यायचा, पण बघत असेपर्यंत. नजर दुसरीकडे गेली की कप खाली. रात्री कुशीवर वळताना पाठीखाली एक हात सापडायचा आणि वाटायचं, नातू येऊन झोपला की काय. तो हात माझाच असायचा. घरी येणारा जो तो म्हणायचा, “नशीब तुमचं, हात हलतोय की!” आता त्यांना काय सांगणार?

जानेवारीत हट्टाने मशीनवर बसले. डावा हात कापड पुढे सरकवतो, त्याच्याकडे मी एवढ्या वर्षांत कधी बघितलेलं नाही. मोतिया रुबियावर तांबडे ठिपके दिसले तेव्हा वाटलं, गिऱ्हाइकाच्या कापडाला कुंकू लागलं. सुई डाव्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली होती. दुखलं काहीच नाही. रक्त बघून सून ओरडली, मग मी ओरडले.

तेव्हा ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे हाताला रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या मॅडमकडे जायला लागले. त्यांनी वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे दोरे बोटांवर टेकवून बघितलं. डायबेटीसवाल्यांचे तळवे तपासतात तेच दोरे. त्यातला दहा ग्रॅमवाला म्हणजे चांगला जाड असतो. तो टेकवल्याचंही मला कळलं नाही. दोन टोकं एकदम टेकवली तर ती दोन आहेत हे धडधाकट बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतरावर कळतं, पाठीवर तीन-चार सेंटिमीटर अंतर लागतं. माझं बोट पाठीच्याही मागे गेलं होतं.

स्कॅनमध्ये उजवा थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या आतला एक भाग, दुखावलेला दिसला. मॅडम म्हणाल्या, “काकू, बोटांची खबर मणक्यातून वर जाते, वाटेत बाजू बदलते, थॅलॅमसला गाडी बदलते आणि मग मेंदूच्या सालीवर स्पर्शाचा जो पट्टा आहे तिथे पोचते.” मिरजकरांना जंक्शन समजावून सांगावं लागत नाही. गाड्या ठीक, रूळ ठीक, पण जंक्शनलाच गोंधळ असला की पंढरपूरचा माणूस कोल्हापूरला पोचत नाही. त्या पट्ट्याचा नकाशा कॅनडात माँट्रिअलला वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री या मेंदूच्या सर्जननी १९३७ साली छापला. ऑपरेशनच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करायचा आणि कुठे जाणवलं ते विचारायचं, असं करत तो काढला. त्यात मेंदूने कापड बेतलंय ते असं : बोटांना आणि ओठांना मीटरभर, सगळ्या पाठीला वीतभर. हा बेत कच्च्या टाक्यांचा असतो, हे मला सगळ्यात आवडलं. मेंदूचे संशोधक मायकल मर्झेनिक यांच्या प्रयोगशाळेत माकडांना ठरावीक बोटांनी फिरती चकती चाचपायची सवय लावली, तर त्या बोटांच्या वाटची जागा मेंदूत वाढलेली दिसली.

आता संच. खोक्यात लाकडी चौकोनी १२ तुकडे, प्रत्येकावर काहीतरी चिकटवलेलं : मखमल, काचकागद, बुचाचं लाकूड, स्पंज, गोणपाट वगैरे. डोळ्यांवर बांधायची पट्टी, ब्रश, गरम-गार करायची जेलची पुडी, मनगटाची स्थिती ओळखायला काटा असलेली पुठ्ठ्याची तबकडी, वस्तू भरलेली पिशवी आणि इंग्रजी पुस्तिका. पहिल्या दिवशी डिंकाचा एवढा वास आला की खोकं गॅलरीत ठेवावं लागलं.

तुकड्यांतला दोष मला जरा उशिराच कळला. मखमल आणि काचकागद यांत फरक केवढा! पंधरा दिवसांत बाराच्या बारा तुकडे बरोबर सांगायला लागले आणि घरात पेढे वाटायचे बाकी होते. मग माझ्या सात वर्षांच्या नातवाने पकडलं. “आजी, चीटिंग! तू ऐकतेस.” खरंच की! काचकागद खर्र वाजतो, बूच वाजत नाही. शिवाय बुचाच्या तुकड्याचा कोपरा जरा उडालेला होता. बोट कोपऱ्याशी गेलं की मी ‘बूच’ म्हणायची. रेडिओ मोठा केला आणि नातवाने तुकडे मधोमध टेकवले, तेव्हा बारातले पाच आले.

मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या आणि मेलबर्नच्या संशोधक लीअॅन कॅरी यांच्या कामाबद्दल बोलल्या. त्यांच्या पद्धतीला ‘सेन्स’ म्हणतात. पोत, हाताची स्थिती आणि वस्तू ओळखणं, या तीन गोष्टी तिच्यात शिकवतात. २०११ साली त्यांच्या चाचणीचे निकाल आले, ५० जणांवरचे. एका गटाला नुसत्या वस्तू हाताळायला दिल्या. दुसऱ्याची रीतसर शिकवणी घेतली : आधी ढोबळ फरक, मग बारीक, डोळे मिटून, दर उत्तराला चूक की बरोबर ते सांगायचं, आणि चुकलं की डोळे उघडून, चांगल्या हाताने चाचपून पुन्हा ताडून बघायचं. तासाभराच्या दहा बैठका. शिकवणीवाले पुढे गेले, आणि सहा महिन्यांनी बघितलं तरी ती सुधारणा टिकलेली होती.

म्हणजे माझ्या ३,४९९ रुपयांच्या खोक्यात पहिल्या गटाचा माल आहे. हाताळायला भरपूर, पण पायऱ्या नाहीत. पहिल्या पायरीनंतर एकदम गच्ची.

आणि पायऱ्या माझ्या घरात गोणीभर पडलेल्या होत्या! कात्रणांचं बोचकं काढलं. सगळे तुकडे चार बोटं रुंद कापले, पुठ्ठ्यावर टाचले. आधी सगळं धुऊन घेतलं, कारण कोऱ्या कापडाची खळ बोटाला चट्कन कळते आणि माणूस कापडाऐवजी खळच ओळखत बसतो. पहिली पायरी घोंगडी आणि सॅटिन. दुसरी मांजरपाट आणि पॉपलीन. तिसरी पॉपलीन आणि केंब्रिक. चौथी केंब्रिक आणि टू-बाय-टू रुबिया. नातू तीन तुकडे पुढे ठेवतो, दोन एकाच कापडाचे, तिसरा वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. तिनात एक तर अंदाजपंचे बरोबर येतोच, म्हणून तीस वेळा करून वहीत लिहायचं. पॉपलीन-केंब्रिकला पहिल्या दिवशी तिसांत अकरा आले, म्हणजे अंदाजपंचेच. पाचव्या आठवड्यात चोवीस. चूक झाली की डोळे उघडायचे, उजव्या हाताने तेच कापड चोळायचं आणि मग पुन्हा डाव्याने. उजव्याला जे लख्ख कळतं ते डाव्यात शोधायचं. कपाळावर घाम येतो, एवढं लक्ष लागतं. वीस मिनिटांनी मी हात टेकते.

पिशवीबद्दल मात्र चांगलंच लिहीन. कापड जाड, काळं, आरपार काही दिसत नाही. तोंडाला मनगटाएवढं सैल इलॅस्टिक, शिलाई दुहेरी, आतून ओव्हरलॉक. कुणीतरी डोकं लावून शिवलीय. आतल्या वस्तू तेवढ्या बदला. त्यात प्लास्टिकची ब्रोकोली आहे. मी उघड्या डोळ्यांनीही ती ओळखली नव्हती, सुनेने सांगितलं. त्या जागी मी बटण, बॉबिन, मार्किंगचा खडू, अंगुस्तान, सुपारी आणि जायफळ घातलं. सुपारी की जायफळ, यात माझे आठ दिवस गेले.

पट्टी टाकाऊ. मागे गाठ मारायची आहे. ज्याचा एक हात गेलाय त्याने गाठ कशी मारायची, हे कंपनीतल्या कुणी करून बघितलं नसावं. मी जुन्या ब्लाउजच्या बाहीचं इलॅस्टिक लावलं. तबकडी बरी आहे, पण तिला दुसरा माणूस लागतोच. तो मनगट वळवणार, मी न बघता काटा लावणार. आमचे हे दोन दिवस बसले, तिसऱ्या दिवशी मॅच होती.

जेलच्या पुडीवर मात्र माझा खरा राग आहे. ज्या हाताला ऊन-गार कळत नाही, त्याला गरम पुडी देताना ‘आधी चांगल्या हाताने तपासा’ एवढं एक वाक्य पुस्तिकेत नाही. ब्रशचंही तेच. मॅडमकडे येणाऱ्या एका काकांना त्याच बाजूला आग आग होते, साधी चादर लागली तरी. थॅलॅमसच्या झटक्यानंतर काहींना असं होतं, पॅरिसच्या देजरीन आणि रूसी या डॉक्टरांनी १९०६ सालीच ते लिहून ठेवलंय. अशा माणसाला ‘जोरात घासा’ म्हणायचं? आणि पुस्तिकेतलं ते ‘२१ दिवसांत फरक’! एवढ्या छातीठोकपणे मी लग्नाच्या ब्लाउजचाही वायदा करत नाही.

तेव्हा घरात शिवणकाम असेल तर घेऊ नका. नसेल तर ओळखीच्या टेलरकडे कात्रणं मागा, कुणी नाही म्हणत नाही. जवळ थेरपिस्ट नसेल आणि कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल, तर घ्या, पण पहिल्या पंधरा दिवसांपुरताच समजा.

माझं म्हणाल तर सरळ टीप मारते, डाव्या हातावर नजर ठेवून. वेग निम्मा. रुबिया आणि केंब्रिक अजून तिसांत सतराच्या पुढे जात नाही. हुक डाव्या चिमटीत सापडत नाही, हुक-काजं सून करते आणि दर ब्लाउजमागे माझ्याकडून पैसेही घेते.

हे सगळं थोडक्यात कंपनीला मे महिन्यात कळवलं होतं. उत्तर आलं की तारे वाढवलेत तर २०० रुपयांचं कूपन देतो. कूपन नको. पुढच्या खोक्यात जवळजवळ सारखे दिसणारे दोन तुकडे घाला, मी तीन तारे देते.