आधी पिकअप बदलू की आधी पेडल घेऊ? गोव्यातल्या गिटारवादकांसाठी

फोंडा, डिचोली, म्हापसा या भागांत इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मुलांकडे बहुतेक वेळा एकाच प्रकारची गिटार दिसते. आकार फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टरचा, म्हणजे स्ट्रॅटचा, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर टिपणारे, एकेका कॉइलचे), सोबत छोटा अ‍ॅम्प. चवथीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रा, जत्रेत भक्तिगीतं, मोसमात एखाद्या शॅकवर इंग्रजी गाणी, असा त्यांच्या वाजवण्याचा वर्षभराचा फेरा. चार पैसे जमले की प्रश्न पडतो: चांगले पिकअप टाकावेत की एखादं पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाने चालवायची डबी, घ्यावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. सिंगल कॉइलची गिटार घेऊन स्टेजवर वाजवत असाल आणि ड्राइव्ह (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावल्याबरोबर घुरघुर वाढत असेल, तर आधी पिकअप. हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) आहेत, घुरघुर नाही, पण आवाजाला रंग नाही, तर आधी पेडल. आणि या दोन्हींच्या आधी नव्या तारा नि एक स्क्रूड्रायव्हर.

स्क्रूड्रायव्हर अशासाठी, की स्वस्त गिटारीत पिकअपची उंची कुणी नीट लावूनच दिलेली नसते. शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या चुंबकापर्यंतचं अंतर मोजा. सिंगल कॉइलला जाड तारेखाली साधारण २ ते २.४ मिमी आणि पहिल्या तारेखाली १.६ ते २ मिमी अंतर असावं. पिकअप फार वर असेल तर चुंबक तारेलाच ओढतो. वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो, ट्यूनर एक सांगतो आणि कान दुसरंच. फार खाली असेल तर आवाज दुबळा पडतो आणि त्यात जीव यावा म्हणून आपण पेडलवर गेन (सिग्नलची वाढ) चढवत बसतो. उंची जुळवल्यावर निम्म्या तक्रारी मिटतात. त्यानंतर उरतील त्यांच्यासाठी पैसे काढावेत.

दोघांचं काम वेगळं

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. लोखंडी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेढ्यांमध्ये सूक्ष्म वीज निर्माण होते. पुढे अ‍ॅम्पपर्यंत जे काही जातं ते एवढंच. वेढे वाढवले की आवाज मोठा नि जाड होतो, पण वरची चमक कमी होते. जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलचा रोध ६ किलोओमच्या आसपास असतो, जुन्या धाटणीच्या हंबकरचा ८ च्या आसपास, तर मेटलसाठी बनवलेल्या हंबकरचा १४-१६ पर्यंतही जातो. आकडा मोठा म्हणजे पिकअप चांगला, असं मात्र मुळीच नाही.

पेडल हे सगळं घडून गेल्यावर येतं. मिळालेल्या सिग्नलला ते चिरडतं, लांबवतं, घुमवतं. पिकअपने जे टिपलंच नाही ते पेडल परत आणू शकत नाही. आणि पिकअपने घुरघुर टिपली असेल तर पेडल तीही इमानेइतबारे मोठी करतं. कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एकसारखा करणारं पेडल) लावून पाहा. सूर लांबतो, पण दोन सुरांच्या मधल्या शांततेत घुरघुर वर येते.

घुरघुर येते कुठून, हे आधी शोधा

गोव्यात वाजवणाऱ्यासाठी हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. देवळासमोरचा मांडव, जनरेटर, डिमरवर चालणारे रंगीत दिवे, एकाच बोर्डावरून ओढलेल्या दहा वायरी. अशा ठिकाणी सिंगल कॉइल आजूबाजूचं सगळं टिपतो. घरी शांत असलेली गिटार तिथे गुरगुरायला लागते, आणि मग गिटारला नाही तर साऊंडवाल्याला दोष दिला जातो.

तपासणी सोपी आहे. अ‍ॅम्प चालू ठेवून गिटार गळ्यात घ्या आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घुरघुर वाढत असेल आणि दुसरीकडे जवळजवळ नाहीशी होत असेल, तर ती पिकअप टिपतो आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर आणि दिव्यांच्या चुंबकीय क्षेत्रातून तीच कॉइलमध्ये शिरते. याला इलाज हंबकरचा. तारांना हात लावल्यावर खरखर कमी होत असेल, तर गिटारच्या आतलं शील्डिंग (बाहेरची खरखर अडवणारं धातूचं अस्तर) अपुरं आहे. पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली की पुष्कळ फरक पडतो आणि खर्चही नगण्य. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणूनही आवाज येतच असेल, तर पिकअप बिचारा निर्दोष आहे. गडबड पेडलच्या अ‍ॅडाप्टरमध्ये, वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. अशा वेळी महागडा हंबकर बसवलात तरी काही उपयोग नाही.

अर्थिंगचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो: घुरघुर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढू नका. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. तारांवर हात आणि माइकला ओठ लागले, आणि दोन्हींच्या अर्थमध्ये फरक असला, तर ओठांना झटका बसतो. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर तो जिवावरही बेतू शकतो. माइकला तोंड लावण्याआधी साऊंडवाल्याकडून टेस्टर घेऊन तपासा. त्यात लाज कसली?

सिंगल कॉइल, हंबकर, पी-९०

हंबकर ही युक्ती गिब्सनच्या सेथ लव्हर यांची. दोन कॉइल एकमेकींच्या उलट गुंडाळायच्या आणि चुंबकाची दिशाही उलट ठेवायची. तारेचा सिग्नल दोन्हींत जमा होतो, बाहेरची घुरघुर मात्र एकमेकींत कटते. पेटंटचा अर्ज १९५५ चा आणि पेटंट मिळालं १९५९ मध्ये. बदल्यात वरची चमक थोडी जाते आणि आवाज भरदार होतो.

आता गोव्यातल्या मराठी गाण्यांच्या स्टेजचा विचार करा. हार्मोनियम, तबला, कीबोर्ड आणि गाणारा गळा. हार्मोनियम मधली पट्टी सबंध व्यापून टाकते. तिथे नेकवरच्या (दांड्याजवळच्या) हंबकरने कॉर्ड वाजवल्या की सगळं मिळून गिचका होतो; गिटार आहे हे कळतं, पण काय वाजवतेय ते कळत नाही. सिंगल कॉइलचा टणत्कार मात्र त्यातून वाट काढतो. म्हणून साथीला माझा कौल सिंगल कॉइललाच. नाट्यपदातली मींड गिटारवर घ्यायची असेल तर गणित उलटं होतं. तार ताणून सुरावर पोचेपर्यंत आवाज टिकला पाहिजे आणि त्याला गोलाई हवी. तिथे नेकचा हंबकर नि टोन नॉब थोडा मागे, हे मला आजवर सर्वांत गोड वाटलेलं जुळण आहे.

दोन्ही हवं असेल तर मधला मार्ग आहे: सिंगल कॉइलच्याच मापाचा, आत दोन कॉइल एकावर एक किंवा शेजारी-शेजारी असलेला बिनघुरघुरीचा पिकअप. प्लास्टिकची झाकणी न कापता तो स्ट्रॅटमध्ये बसतो. फक्त ब्रिजकडचा (तारा अडकवतात त्या टोकाचा) एक बदलला तरी ड्राइव्हची गाणी निर्धास्त वाजवता येतात, आणि बाकीचे दोन साथीसाठी आहेत तसे राहतात. कमी पैशांत सर्वांत मोठा फरक पाडणारा बदल हाच, असं माझं ठाम मत आहे. अखंड हंबकर बसवणार असाल तर लाकूड आणि झाकणी कापावी लागेल, शिवाय पॉटचाही (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालच्या बदलत्या रोधाचा) विचार करावा लागेल: सिंगल कॉइलला २५० किलोओमचे पॉट वापरतात, हंबकरला ५००. हंबकरला २५० लावला तर वरची चमक आणखी कमी होते.

पी-९० हा १९४६ पासूनचा जाड्याभरड्या आवाजाचा सिंगल कॉइल. ब्लूज नि जुन्या रॉकला फार सुंदर, पण घुरघुर भरपूर. आपल्याकडच्या मांडवांसाठी मी तो सुचवणार नाही.

पेडलमध्ये पहिलं कुठलं?

उघड्यावरचे लाउडस्पीकर सहसा रात्री १० ला बंद करावे लागतात आणि त्याआधीही आवाजावर मर्यादा असतात. ट्यूब अ‍ॅम्प पूर्ण आवाजावर नेऊन त्याची नैसर्गिक फाटकी गोडी काढायची, ही चैन शॅकवर परवडत नाही. ती गोडी कमी आवाजात पेडलकडूनच घ्यावी लागते, म्हणून पहिलं पेडल ओव्हरड्राइव्ह.

त्यातही फरक आहेत. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातली पेडल्स (मूळ टीएस-८०८ हे १९७९ च्या सुमाराचं) खालचा भाग कापतात आणि ७०० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग उचलतात. बास, ड्रम आणि दोन गिटार असलेल्या बँडमध्ये त्यामुळे सोलो छान पुढे येतो. हार्मोनियम शेजारी असली तर नेमका तोच भाग तिच्याशी टक्कर घेतो. अशा साथीला बॉसच्या ब्लूज ड्रायव्हरसारखं, मधला भाग तितका न फुगवणारं पेडल जास्त शोभतं. गिटारचा व्हॉल्यूम मागे घेतला की ते जवळपास स्वच्छ होतं, आणि एका गाण्यात भक्तिगीत नि दुसऱ्यात रॉक वाजवणाऱ्याला हा गुण फार कामाचा.

डिस्टॉर्शन (ओव्हरड्राइव्हहून जास्त फाटका आवाज) म्हणजे बॉस डीएस-१ किंवा प्रोको रॅट, दोन्ही १९७८ च्या आसपासची नि अजूनही बनणारी. रॉक-मेटल वाजवत असाल तरच. फझ (आवाज पार खरखरीत करणारं पेडल) मला मनापासून आवडतं, पण पहिलं पेडल म्हणून नको. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ तापमानाबरोबर बदलतं. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात ठेवलेलं पेडल संध्याकाळच्या सरावात वेगळंच बोलतं. शिवाय फझ फेससारखं पेडल थेट गिटारला जोडलेलं हवं, आधी बफर (सिग्नलला बळ देणारं सर्किट) आला की त्याची तब्येत बिघडते.

दुसरं पेडल डिले (सुराचा प्रतिध्वनी देणारं). एका डिलेवर थोडा कमी वेळ लावून रिव्हर्बचंही (खोलीतल्यासारख्या घुमण्याचं) काम भागवता येतं, उलटं होत नाही. कोरस, फेझर, वाह ही नंतरची हौस.

सुटी पेडल्स की मल्टी-इफेक्ट?

मल्टी-इफेक्ट म्हणजे अनेक इफेक्ट एकाच डबीत. इथे एक प्रश्न विचारा: कार्यक्रमात तुमच्यासमोर अ‍ॅम्प असतो का? गावच्या अनेक कार्यक्रमांत साऊंडवाला एक वायर हातात देतो आणि ती थेट मिक्सरमध्ये जाते. डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला लावलं की मधमाश्यांच्या पोळ्यासारखा चिरका आवाज येतो. दोष पेडलचा नसतो. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो, आणि मिक्सरच्या मार्गात ती गाळणीच नसते. मल्टी-इफेक्टमध्ये अ‍ॅम्प आणि स्पीकरची नक्कल आत असते, म्हणून थेट मिक्सरमध्येही तो ऐकवतो. तेव्हा अ‍ॅम्प मिळत नसेल तर मल्टी-इफेक्टच घ्या, यात मला शंका नाही. झूम किंवा एनयूएक्स या कंपन्यांचे छोटेही चालतील. खरेदीआधी 'कॅब सिम्युलेशन' (स्पीकरची नक्कल) आहे ना, एवढं नक्की पाहा.

अ‍ॅम्प स्वतःचा असेल आणि गाणं चालू असताना पायाने झटपट बदल करायचे असतील, तर सुटी पेडल्स सुखाची. काळोख्या स्टेजवर मेनू उघडत बसण्यापेक्षा नॉब वळवणं सोपं. सुटं पेडल विकायला काढलं तर गिऱ्हाईकही लवकर मिळतं. वापरलेल्या पिकअपला तो मान नाही, कारण पुन्हा सोल्डरिंगचा डाग मारून बसवण्याची खटपट घेणाऱ्याला करावी लागते.

सुट्या पेडलांबरोबर वीजपुरवठ्याचा खर्च धरायचा असतो, आणि तो बहुतेक जण विसरतात. बहुतांश पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतं, आतली पिन ऋण. अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्हला काही मिलीअँपिअर पुरतात, डिजिटल डिलेला त्याच्या कितीतरी पट. एका स्वस्त अ‍ॅडाप्टरवर साखळी लावून दोन्ही चालवली तर डिजिटल पेडलची किरकिर ओव्हरड्राइव्हमधून मोठी होऊन बाहेर येते. प्रत्येक वाट वेगळी ठेवणारा पुरवठा घ्यावा.

खाऱ्या हवेचाही हिशोब ठेवा. हंबकरचे स्क्रू, जॅक, पेडलांचे स्विच यांवर पावसाळ्यात गंज चढतो आणि पॉट खरखरू लागतात. गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आणि पेडलमधली बॅटरी जूनआधी काढून ठेवा. सेकंड हँड पेडल घेताना प्रत्येक नॉब शेवटपर्यंत फिरवून, जॅक हलवून, मागचं झाकण उघडून आत हिरवा थर आहे का ते बघा. किनाऱ्याजवळ वापरलेल्या पेडलमध्ये तो हमखास सापडतो, आणि विकणाऱ्याला बऱ्याचदा त्याची कल्पनाही नसते.